लोहाराचं ‘गुप्त पाणी’ आणि आपली भाबडी भक्ती

सुरी, कोयता किंवा विळीचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेली हळहळ सुरू होते. पूर्वीचं लोखंड आता राहिलं नाही. अमक्या गावच्या लोहाराच्या हाताला गुण होता, तो द्यायचा तसं पाणी कुणालाच देता आलं नाही, तो गेला आणि त्याच्याबरोबर विद्याही गेली. ऐकणारे माना डोलावतात, आणि बोलणारा मोठा जाणकार ठरतो. हल्ली या हळहळीला देशाभिमानाची फोडणीही मिळते: आपल्या पूर्वजांच्या पोलादाचं रहस्य पाश्चात्त्यांना आजही उलगडलेलं नाही म्हणे.

मला हे म्हणणं साफ अमान्य आहे. धार टिकणं न टिकणं हे पात्याला उष्णता कशी दिली आणि कशी काढून घेतली यावर ठरतं. त्यात गुप्त असं काही उरलेलं नाही. अंश आणि मिनिटं मोजता येतात, शिकवता येतात, लिहून ठेवता येतात. लोहाराच्या कौतुकाच्या नावाखाली आपण त्याच्या कामाभोवती जे धुकं पसरवतो, त्यात तोटा त्याचाच होतो.

आधी भट्टीत काय घडतं ते पाहू. सुरीच्या साध्या पोलादात शेकडा ०.६ ते १ एवढा कार्बन असतो. सावकाश थंड झालेल्या पोलादात तो लोखंडाशी संयोग पावून बारीक थरांमध्ये बसलेला असतो. असं पोलाद मऊ असतं, कानशीने सहज घासलं जातं. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते आणि नव्या मांडणीत कार्बनला शिरायला जागा मिळते. आता तुकडा हळूहळू निवू दिला तर कार्बन पुन्हा बाहेर पडून आपल्या जुन्या थरांत जातो. झटकन थंड केला तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि सगळी मांडणी ताणून धरतो. या ताणलेल्या अवस्थेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून मार्टेन्साइट म्हणतात. आपण ज्याला पाणी चढणं म्हणतो ते हेच. असं पातं रॉकवेल सी मापावर ६४-६५ पर्यंत कठीण होतं, पण हातातून फरशीवर पडलं तर तुकडे होतील इतकं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा साधारण २०० अंशांना तास-दोन तास ठेवायचं. हे टेंपरिंग. कठिणता चार-पाच अंकांनी उतरते आणि चिवटपणा येतो.

झटकन म्हणजे किती झटकन? शेकडा ०.९५ कार्बनच्या साध्या पोलादाला साधारण साडेपाचशे अंशांच्या खाली यायला एका सेकंदाहूनही कमी वेळ असतो. ट्रकच्या कमानपाट्यात क्रोमियम किंवा सिलिकॉन, मँगनीज असे घटक मिसळलेले असतात, त्यामुळे त्याला बरीच जास्त सवड मिळते. पहिल्याला पाणी किंवा अतिवेगवान तेल लागतं, दुसऱ्याला साधं तेल चालतं. एकाच हौदात दोन्ही बुडवणाऱ्या लोहाराला एकात यश आणि दुसऱ्यात अपयश येतं, आणि मग तो म्हणतो, “हे लोखंडच खराब.” प्रत्येक पोलादाला किती सवड मिळते याचे आलेख एडगर बेन आणि डेव्हनपोर्ट यांनी अमेरिकेत १९३० साली प्रसिद्ध केले. म्हणजे हे ‘रहस्य’ उघड होऊन नव्वद वर्षं उलटली.

आता गुप्त पाण्याकडे वळू. या श्रद्धेची परंपरा जुनी आहे आणि ती फक्त आपली नाही. बाराव्या शतकातल्या थिओफिलस या युरोपीय साधूने कारागिरीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात हत्यारांना पाणी देण्यासाठी नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचं, नाहीतर तांबड्या केसांच्या लहान मुलाचं मूत्र वापरायला सांगितलं आहे. आपल्याकडे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गाच्या लक्षणांवर अध्याय आहे. त्यात लक्ष्मी हवी असेल तर रक्ताचं, गुणवान पुत्र हवा असेल तर तुपाचं आणि अक्षय धन हवं असेल तर पाण्याचं पान शस्त्राला द्यावं, असा सल्ला आहे. पुढे घोडी, उंटीण, हत्तीण यांचं दूध येतं. रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मशी आणि कबुतर-उंदरांची विष्ठा यांचा लेप येतो. केळीच्या राखेचा क्षार घातलेलं ताकही येतं.

या याद्या वाचून काही जण हसतात, काही जण हात जोडतात. मला दोन्ही प्रतिक्रिया आळशीपणाच्या वाटतात. मूत्रात मीठ असतं. तापलेलं पातं पाण्यात गेलं की त्याभोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि ते उष्णता अडवतं. मिठामुळे ते आवरण लवकर फुटतं आणि पातं साध्या पाण्यापेक्षा लवकर थंड होतं. तेवढं काम मूठभर मीठही करतं, बोकडाला नेचे खाऊ घालायची गरज नाही. तूप म्हणजे तेलच. ते पाण्यापेक्षा सावकाश थंड करतं, म्हणून पातं तडकण्याची भीती कमी. जळक्या शिंगातून पृष्ठभागाला कार्बन मिळतो आणि युरोपातले कारागीरही त्यासाठी शिंग वापरत. म्हणजे यादीत अनुभवाचा अंश नक्की आहे. पण द्रव कोणता निवडायचा याचा निकष पुत्रप्राप्ती आणि धनप्राप्ती हा असेल, तर त्या अनुभवाची वाट लागलीच म्हणून समजा. पोलादात कार्बन किती, पातं किती जाड, यांवर द्रव ठरतो. मालकाच्या मनोकामनेवर नाही.

तेलाची एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. थंड तेल लवकर थंड करेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलं की ते पातळ होतं, पात्याभोवती सहज फिरतं आणि जास्त वेगाने उष्णता ओढून घेतं. हे मंत्राने सापडत नाही, अंदाजानेही सापडत नाही, कारण अंदाज उलटंच सांगतो. मोजून पाहावं लागतं. तसंच पातं तेलात धारेच्या रेषेत पुढे-मागे हलवायचं असतं. आडवं हलवलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं केळीच्या सालीसारखं वाकतं.

“पण जुने लोहार कुठे मोजत होते? नजरेनेच करत होते ना?” हा आक्षेप खरा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

रस्त्याकडेला पाल टाकून काम करणाऱ्या घिसाड्याला पहारीला किंवा छिन्नीला पाणी देताना पाहावं. तो टोकाकडचा भाग लाल करतो, फक्त टोक पाण्यात बुडवतो, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून उजळ करतो आणि बघत राहतो. मागच्या भागात राहिलेली उष्णता हळूहळू पुढे सरकते आणि उजळ पृष्ठभागावर रंग चालत येतात: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाला पोचला की सगळं हत्यार पाण्यात. कठीण करणं आणि टेंपर करणं एकाच तापात, तेही दगडी कोळशाच्या खड्ड्यावर. याला मी बुद्धीचं काम म्हणतो आणि त्यापुढे मान झुकवतो. ते रंग ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे दिसतात. दोनशेच्या थोडं पुढे पिवळा आणि तीनशेच्या आसपास निळा, असा हा जवळपास तापमापकच आहे.

पण ‘जवळपास’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तोच रंग कमी तापमानाला जास्त वेळ ठेवूनही येतो. पोलादात क्रोमियम जास्त असेल तर रंग उशिरा येतो आणि फसवतो. पहारीला, टिकावाला, छिन्नीला काही सेकंदांचं टेंपरिंग पुरतं. सुरीच्या पातळ, लांब पात्याला सगळीकडे सारखं टेंपरिंग हवं असतं आणि ते या पद्धतीने होत नाही. शिवाय लाल रंगाचा अंदाज उजेडावर अवलंबून असतो. दुपारच्या उन्हात तेच लोखंड काळपट दिसतं, म्हणून हात आणखी भाता मारतो आणि पातं शंभर अंशांनी पुढे निघून जातं. जपानी तलवार घडवणारे पाणी देताना भट्टीची खोली अंधारी करतात ती याचसाठी. आपल्याकडेही जाणते लोहार हे काम दिवस मावळल्यावर करतात. लोक त्यात मुहूर्त शोधतात, कारण मात्र डोळ्याचं आहे.

जास्त तापलं तर काय बिघडतं? पातं कठीण तर होतंच, कानस घसरते, गिऱ्हाईक खूश होतं. पण आतले स्फटिककण वाढलेले असतात. असं पातं मोडलं तर तोंड भरड आणि चमचमतं दिसतं, नीट तापलेल्याचं तोंड राखाडी आणि मखमली असतं. भरड कणांच्या पात्याची धार लागते, पण हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर बारीक कपच्या उडतात. उलट चूकही होते. कोळशाच्या उघड्या भट्टीत पातं फार वेळ राहिलं की वरच्या थरातला कार्बन जळून जातो, कानस त्यात रुतते, आणि आतलं उत्तम पोलाद ‘खराब लोखंड’ म्हणून भंगारात जातं. हे दोन्ही दोष बाहेरून कळत नाहीत. गिऱ्हाईक लोखंडाला दोष देतं, लोहार नशिबाला.

चुंबकाची युक्ती चांगली आहे. ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं वर गेलं की साध्या कार्बन पोलादाची वेळ आली. पाच-पन्नास रुपयांचं हे साधन प्रत्येक भात्याजवळ हवं. पण डी-२ जातीच्या पोलादाला साधारण १०१० अंश लागतात आणि सुऱ्यांच्या स्टेनलेस जातींनाही हजाराच्या पुढे जावं लागतं. त्यांच्यातला कार्बन क्रोमियमने घट्ट धरून ठेवलेला असतो, तो सुटायला त्या तापमानाला बराच वेळ मुरावं लागतं. तिथे चुंबक मुका आहे आणि नजर आंधळी.

याचा सगळ्यात बोलका पुरावा शेफील्डचा आहे. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली शेकडा १२.८ क्रोमियम असलेलं पोलाद ओतवलं आणि ते गंजत नाही हे लक्षात आल्यावर सुऱ्यांसाठी सुचवलं. शेफील्ड म्हणजे शतकानुशतकं सुऱ्या करणारं गाव, तिथल्या कारागिरांच्या हातांचा जगभर दबदबा. त्यांनी सुऱ्या करून पाहिल्या आणि ब्रिअर्ली यांची टर उडवली: न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा माणूस! पोलादात खोट नव्हती. त्या कारागिरांचे हात पिढ्यान्‌पिढ्या कमी तापमानाला सरावले होते आणि या पोलादाला जास्त ताप हवा होता. मोझ्ली यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्ट्युअर्ट यांनी चिकाटीने योग्य तापमान शोधलं आणि त्याच पोलादाच्या सुऱ्या कापू लागल्या. पोलाद बदललं नव्हतं, गाव बदललं नव्हतं, कारागिरांचं कसबही तेच होतं. बदलले ते अंश. ‘हाताला गुण असतो’ म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचं काय करायचं ते सांगावं.

आता राहिला तो पूर्वजांच्या पोलादाचा अभिमान. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, तामिळ प्रदेशात मुशीत तयार होणारं पोलाद, ज्याला युरोपीय वूट्झ म्हणत, ते थोर होतं यात वाद नाही. शेकडा दीडच्या आसपास कार्बन, मातीच्या बंद मुशीत, सावकाश थंड केलेलं. त्याची लाट उठलेली पाती दमास्कसच्या नावाने जगभर गाजली. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्यासोबत १८२० च्या सुमारास त्याची नक्कल करायचा प्रयत्न केला आणि ॲल्युमिनिअममुळे गुण येतो असा चुकीचा निष्कर्ष काढला. इथपर्यंतची गोष्ट आपण आवडीने सांगतो. पुढची सांगत नाही. १९९० च्या दशकात आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि फ्लोरिडाचे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी ती लाट पुन्हा घडवून दाखवली. खनिजातून आलेले व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश, आणि घडवताना ठरावीक तापमानापर्यंत पुन्हापुन्हा तापवणं आणि निववणं, यांतून कार्बाइडचे कण रांगांत जमतात. म्हणजे रहस्य उलगडलं. आणि ते एका शास्त्रज्ञाने आणि एका लोहाराने मिळून उलगडलं, याचा तरी आपण आनंद मानायला हवा होता.

२००६ मध्ये पाउफ्लर आणि सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या सूक्ष्म नळ्या दिसल्याचं ‘नेचर’मध्ये लिहिलं, तेव्हापासून ‘प्राचीन भारतीय नॅनोतंत्रज्ञान’ हा शब्दप्रयोग भाषणांत फिरतो आहे. नळ्या सापडणं आणि त्यांच्यामुळे धार टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कुणी सिद्ध केलेली नाही. उलट, तपासलेल्या अनेक जुन्या दमास्कस पात्यांची कठिणता आजच्या साध्या स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा कमी भरली, कारण त्यांना पूर्ण पाणी दिलेलंच नव्हतं. तलवार वार झेलते, तिला ते शोभतं. पण ‘तसलं पोलाद आज असतं तर’ असा सुस्कारा टाकणाऱ्याने कांदा कशाने चिरायचा ते आधी ठरवावं.

आणि ज्यांच्या नावाने छाती फुगवतो त्या मराठ्यांनी काय केलं? पश्चिम किनाऱ्यावर उतरणारी युरोपीय पाती घेतली, त्यांना आपल्या मुठी बसवल्या आणि त्या तलवारीला खुशाल फिरंग म्हटलं. पातं कुठलं याची लाज त्यांना वाटली नाही. ते लढाईत टिकतं की नाही एवढंच त्यांनी पाहिलं.

आजचा बाजार या भक्तीचा नेमका फायदा उठवतो. पात्यावर लाटांची नक्षी दिसली की ‘दमास्कस’ म्हणून चौपट किंमत. ही नक्षी बहुतेक वेळा दोन जातींच्या पोलादांचे थर जोडून केलेली असते, कधी तर नुसती वरून कोरलेली. थरांच्या पात्याला नीट पाणी दिलं तर ते उत्तमच असतं, पण नीट दिलं की नाही हे नक्षी सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण सुरीच्या व्यापाऱ्यांनी शब्दशः अमलात आणली आहे. दुसरा नाद आकड्यांचा: कठिणता ६२, म्हणजे भारी. ऊसतोड कामगाराला असला कोयता दिला तर तो दुसऱ्या दिवशी परत आणून देईल. त्याला फडातच कानशीने धार लावायची असते, दगड-मातीवर पातं आपटतं, म्हणून कोयता कानशीपेक्षा मऊ आणि चिवटच हवा. जास्त कठीण म्हणजे जास्त चांगलं, हे कारखान्यातल्या एकाही माणसाला पटणार नाही.

कारखान्यावरून आठवलं. भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात रोज हजारो गिअर आणि शाफ्ट याच प्रक्रियेतून जातात. तिथे भट्टीचं तापमान काही अंशांनी ढळलं तर माल परत येतो आणि त्यात कुणाला संस्कृतीचा ऱ्हास दिसत नाही. तोच अभियंता संध्याकाळी घरी येऊन सुरीबद्दल बोलताना मात्र आजोबांच्या काळातल्या लोहाराची सिद्धी सांगतो. मोटारीच्या गिअरला तापमापक आणि भाकरी मिळवून देणाऱ्या कोयत्याला दैवी हात, हा न्याय कुठला?

या भक्तीचा हिशेब लोहार चुकता करतो. विद्या गुप्त म्हटली की ती मुलाला अर्धवट मिळते, बाहेरच्याला मिळतच नाही. हात दैवी म्हटला की हत्यारांवर खर्च करायची गरज कुणालाच वाटत नाही, ना त्याला कर्ज देणाऱ्याला, ना त्याच्याकडून कोयता घेणाऱ्याला. साधा थर्मोकपल, तापमान दाखवणारी डबी आणि आतून विटा लावलेली छोटी गॅस भट्टी यांना एका बऱ्या मोबाइलपेक्षा जास्त पैसे लागत नाहीत. टेंपरिंगसाठी घरचा ओव्हन आणि एक भरवशाचा तापमापक पुरतो. दोनदा, दर वेळी तास-दोन तास. दोनदा यासाठी की पहिल्या फेरीनंतर मागे राहिलेला काही भाग थंड होताना नव्याने कठीण होतो, आणि त्यालाही चिवट करावं लागतं. ज्या घिसाड्याला रंगावरून टेंपर साधतो, त्याच्या हाती हे दिलं तर तो कुठल्याही पदवीधराला मागे टाकेल. त्याच्याकडे नजर आहेच, फक्त ती पडताळायचं साधन त्याला कुणी दिलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी सुरी किंवा कोयता घ्याल तेव्हा विचारा: पोलाद कोणतं, किती अंशांना तापवलं, टेंपर किती वेळा केलं. लोहाराला अंश सांगता आले नाहीत तरी हरकत नाही. त्याच पट्टीचा पाणी दिलेला एक तुकडा मोडून दाखवायला सांगा आणि तोंड राखाडी आहे की चमचमतं ते स्वतः बघा. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो आनंदाने दाखवेल, त्याला मागेल त्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्या. ‘ते आमचं गुपित आहे’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.